त्या आमच्याकडे राहतात

आमच्या घरात लसणाची चटणी कधी संपत नसे, कारण बाबांच्या क्लासला इंग्रजी येत नव्हतं. बिबवेवाडीतल्या आमच्या ब्लॉकच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहा ते आठ बाबा लोकांना इंग्रजी बोलायला शिकवत. दिवसा ते सरकारी कचेरीत कारकून होते. क्लासचा नियम असा, की घड्याळात सहा वाजले की मराठी बंद, आणि तोंडातून मराठी निघालंच तर मूठभर लसूण सोलायचा. ही शिक्षा आईने काढलेली. त्याआधी बाबांनी उठाबशा ठरवल्या होत्या, पण खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन "आमचा पंखा बटण न दाबताच हलतोय, एवढंच सांगायला आलो," असं म्हणून गेले, तेव्हा आईने हॉलच्या कोपऱ्यात लसणाची टोपली आणि एक पातेलं ठेवून दिलं. क्लास सुटेपर्यंत पातेलं भरलेलं असायचं. सगळ्यांत जास्त लसूण सोलत ते वाघोलीचे भाऊसाहेब. चांगले जमीनजुमलेवाले शेतकरी, मुलगा परदेशात, सून तिकडचीच. त्या सुनेशी चार शब्द बोलता यावेत म्हणून ते जीप घेऊन एवढ्या लांबून यायचे. लसूणही तेच आणायचे. "मॅडम, आपलं काय हाय," ते आईला म्हणत, "रानात लावायचा बी मीच, आन हितं सोलायचा बी मीच." आणि एवढं मराठीत बोलल्याबद्दल आणखी एक मूठ घेऊन बसत.

बाबांची शिकवायची एक पद्धत होती आणि ती काही केल्या बदलत नसे. विद्यार्थ्याने उभं राहून एक वाक्य बोलायचं. बाबा ते दुरुस्त करून मोठ्याने म्हणणार. मग सगळ्या वर्गाने ते दुरुस्त वाक्य एका सुरात म्हणायचं. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, खाली भाजीवाल्याची आरोळी, आणि मध्येच वीसएक गळ्यांतून "आय हॅव टू ब्रदर्स!" अशी गर्जना. शेजाऱ्यांच्या लहान मुलाला मराठी बोलायच्या आधी "हाऊ डू यू डू" यायला लागलं होतं. त्याच्या आईला त्याचं कौतुकही वाटे आणि रागही येई.

दुसरा नियम मात्र लोकांना लसणापेक्षा जड जायचा. क्लासमध्ये कोणी सर नाही, साहेब नाही, काका नाही. प्रत्येकाने प्रत्येकाला नावाने हाक मारायची आणि 'यू' म्हणायचं, बाबांनासुद्धा. या एका शब्दावर बाबांचा फार जीव होता. कचेरीत त्यांचे साहेब त्यांना "अरे मधुकर" म्हणत, आणि बाबांनी साहेबांना वाकून "आपण" म्हणायचं. "इंग्रजीत साहेबाला यू आणि शिपायाला पण यू. भाषेने माणसाला खुर्ची दिलीय, बसा!" असं ते पहिल्याच दिवशी सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा खुलून येई. भाऊसाहेब तरीही त्यांना "मधुकर सर साहेब" म्हणत. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि क्लासमध्ये मागच्या खुर्चीवर बसायचे. एरवी "अहो बाबा" याच्यापुढे माझी जीभ वळायची नाही, पण सहा ते आठ मी वडिलांना खुशाल म्हणू शकत होते, "मधुकर, यू आर लेट." त्या दोन तासांत मला बाबा जेवढे आवडले तेवढे बाकीच्या बावीस तासांत आवडले नसतील. आज मी खराडीत ज्या ऑफिसात जाते तिथे पंचविशीतली पोरं मला नावाने हाक मारतात, आणि माझे गुडघे कुरकुरायला लागले असले तरी मला ते गोड वाटतं. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या मुली "आंटी" म्हणतात, तेव्हा मात्र बाबांचं 'यू' फार आठवतं.

ज्या दिवसांबद्दल मी लिहिते आहे त्या दिवसांत आमच्या घरात अबोला चालू होता. बाबा आणि त्यांची मोठी बहीण, म्हणजे आमची आत्या, यांच्यातला. आत्या आमच्यातच राहायची. खरं म्हणजे बाबा तिच्यात वाढले होते. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नुकती लागली होती. तिने भावाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावलं, आणि स्वतःचं करायचं राहून गेलं. डोक्याला हेडफोन लावून दिवसभर "नंबर प्लीज" म्हणणारा तिचा आवाज घरीही तसाच खणखणीत होता. बाबा इंग्रजी शिकले तेही तिच्याकडूनच. संध्याकाळी ती घरी आली की ऑपरेटर व्हायची आणि शाळकरी बाबा कधी कलेक्टर, कधी डॉक्टर होऊन तिला फोन लावायचे. हे मला आत्यानेच सांगितलं होतं. बाबा आपल्या क्लासमध्ये हे कधी सांगत नसत.

तर झालं असं होतं. क्लासला पाच वर्षं झाली म्हणून बाबांनी कचेरीतल्या साहेबांना घरी चहाला बोलावलं. आईने सुरळीच्या वड्या केल्या, बाबांनी टाय लावला. आत्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तेव्हा साहेबांनी इंग्रजीत विचारलं की या कोण. बाबा त्या वेळी वड्यांची बशी पुढे करत होते, टाय सांभाळत होते, आणि साहेबांपुढे त्यांची नेहमीच गडबड उडे. ते म्हणाले, "शी स्टेज विथ अस." त्या आमच्याकडे राहतात. आत्याने साहेबांना अस्खलित इंग्रजीत साखर किती ते विचारलं, कप त्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेली. त्या संध्याकाळपासून ती बाबांशी एक शब्द बोलली नाही.

ज्यांच्या घरी अबोला झालेला नाही त्यांना वाटतं, की अबोला म्हणजे शांतता. तसं काही नसतं. आमच्याकडे एरवीपेक्षा जास्त बोलणं व्हायला लागलं, फक्त ते सगळं माझ्यामार्फत. आत्या पोळी लाटता लाटता म्हणायची, "मिनू, मास्तरांना सांग, दूध उतू गेलंय. इंग्रजीत सांगितलं तर ऐकू येईल बहुतेक." मास्तर हात दीड हातावर उभे असायचे. मी म्हणायचे, "बाबा, दूध." बाबा म्हणायचे, "त्यांना म्हणावं, बघतो." मी म्हणायचे, "आत्या, बघतायत." दोन्हीकडची तिखट धार काढून निरोप पोचवण्यात मी चांगली तयार झाले होते. बाबांना आपलं चुकलं हे कळत होतं. ते दोनदा आत्याच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन, खोकून, परत आलेले मी पाहिले. पण आमच्या घरी माफी मागायची पद्धतच नव्हती. त्याऐवजी बाबा आत्याला आवडतात म्हणून चिकू आणून टेबलावर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी मला निरोप यायचा, "मास्तरांना सांग, कच्चे आहेत."

अशा घरात थाओ राहायला आली. ती व्हिएतनामची, बाविशीची. पुढच्या वर्षी तिला वाघोलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता, त्याआधी इंग्रजी सुधारायचं होतं, म्हणून कोणाच्या तरी ओळखीने ती आमच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून आली. तिची कॉट आत्याच्या खोलीत टाकली. आल्या आल्या तिने बूट काढले, दोन्ही हात जोडले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला, की तुमचं सगळ्यांचं वय काय. आई गोंधळली. बाबांनी प्रामाणिकपणे सत्तेचाळीस सांगितलं. आत्या म्हणाली, "का गं, शाळेत घालतेस का मला?" मी ते इंग्रजीत सांगताना जरा सौम्य केलं, आणि सवयीने आत्याचं वयही सांगून टाकलं. त्याबद्दल आत्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

थाओला आमची वयं उगाच नको होती. तिच्या भाषेत समोरचा आपल्याहून लहान की मोठा, बापापेक्षा मोठा की धाकटा, हे कळल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. इंग्रजीत कसं, आपण कोणाशीही बोललो तरी 'आय' आणि समोरचा कोणीही असला तरी 'यू'. तिच्याकडे प्रत्येक माणसासमोर आपणही बदलतो. तिने पाच मिनिटांत आमची सगळी मांडणी केली. आत्या तिच्या वडिलांपेक्षा मोठी, म्हणून ती 'बाक', आणि तिच्यापुढे थाओ पुतणी. बाबा शिक्षक, म्हणून ते 'टीचर', आणि त्यांच्यापुढे थाओ 'एम', म्हणजे धाकटं भावंड. मी तिच्याहून लहान, म्हणून मी 'एम' आणि ती माझी 'ची', म्हणजे ताई. ती माझ्याशी बोलताना 'मी' असं कधी म्हणालीच नाही. "ची चहा पिणार," म्हणायची. "ची दमली. एम खिडकी उघड." मला मोठी बहीण नव्हती. मला ते इतकं आवडलं, की मी खिडकी उघडायला दोनदा जायचे.

क्लासमध्ये मात्र पहिल्याच दिवशी पेच पडला. बाबांनी तिला वाक्य दिलं, "वुड यू लाइक सम टी?" ती उभी राहिली आणि म्हणाली, "वुड टीचर लाइक सम टी?" बाबांनी दुरुस्त केलं. वर्ग गरजला. ती पुन्हा म्हणाली, "वुड टीचर." आठवडाभर हेच. ते दोघं इतके गोड हट्टी होते, की लोक बघायला मजा येते म्हणून वेळेआधी येऊन बसायला लागले. शेवटी बाबांनी खडू खाली ठेवून तिला विचारलं, की अगं, यात तुझं अडतंय कुठे? थाओने खूप विचार करून जे सांगितलं ते मराठीत साधारण असं, "टीचरना यू म्हटलं की टीचर कोणीही होतात. मग मी पण कोणीही होते. मग चहा कशाला देऊ?" भाऊसाहेब एकदम म्हणाले, "बरोबर हाय पोरीचं!" आणि आपण होऊनच टोपलीकडे गेले.

स्वयंपाकघरात तिचं छान जमलं. तिथे ती मराठी शिकायला लागली, कारण आईला इंग्रजी येत नव्हतं आणि आत्या मुद्दाम इंग्रजी बोलायची नाही. एका एकादशीला आईने साबुदाण्याची खिचडी केली, तर थाओ भिजलेला साबुदाणा बघून नाचायलाच लागली. तिच्याकडे त्याचं गोड करतात, नारळाच्या दुधात केळी घालून. "उपासाला? हे उपासाला?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. आमच्याकडे उपासाला माणूस एरवीपेक्षा जास्त खातो हे तिला पटायला वेळ लागला. भाजलेल्या दाण्यांच्या वासाने ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहायची, आणि आत्या न बोलता तिच्या हातावर कूट ठेवायची. एकदा आईने तिला विचारलं, की तुमच्यात बायको नवऱ्याला काय म्हणते. थाओ म्हणाली, "आन." म्हणजे काय? "मोठा भाऊ. दादा." आईच्या हातातून उलथनं खाली पडलं. आत्या इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं. थाओला त्यात हसण्यासारखं काय ते कळेना. तिने उलट आईला विचारलं, "अहो म्हणजे कुठलं नातं?" आई लाजून म्हणाली, "अहो म्हणजे... अहो." आत्या डोळे पुसत म्हणाली, "लिहून घे गं. नातं सांगायची लाज वाटली की आमच्यात अहो म्हणतात." आई हसली नाही. आत्या हे कोणाला उद्देशून बोलली ते तिला बरोबर कळलं होतं.

गणपती बसले त्या दिवशी आत्याने आईला सांगितलं, की क्लासची ही बॅच संपली की ती वाघोलीला राहायला जाणार. एक्स्चेंजमधली तिची एक मैत्रीण तिथे एकटीच राहत होती, तिच्यासोबत. सोसायटी नवी होती, पाणी चोवीस तास, गच्चीतून डोंगर दिसतो, असं सगळं ती अगदी प्रसन्नपणे सांगत होती. आई रडायला लागली. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते आणि पान उलटायचं विसरले होते. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारून सांगितलं, "त्यांना म्हणावं, त्यांची मर्जी." तो निरोप मी पोचवला नाही. मला आत्या जायला नको होती. माझी वेणी ती घालायची, माझी गणितं ती सोडवायची, मला आवडणारी डाळीची आमटी ती करायची, आणि ती गेली असती तर ते घर माझ्यासाठी घरच राहिलं नसतं. पण मधे पडून मी काय करणार होते? मला दोघांकडून फक्त निरोप यायचे.

आणि नेमका माझा आवाज गेला. विसर्जनाच्या मिरवणुकीत मी इतकी ओरडले, की दुसऱ्या दिवशी तोंडातून नुसता वारा यायला लागला. डॉक्टरांनी पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही म्हणून बजावलं. आई या भानगडीत पडायला तयार नव्हती. ती म्हणाली, "माझा संसार आहे, पोस्ट ऑफिस नाही." राहता राहिली थाओ. पहिल्याच दिवशी आत्या तिला म्हणाली, "जा, त्याला सांग, केळी आणायची आहेत." थाओने बाहेर जाऊन बाबांसमोर हात जोडले आणि चांगल्या ठणठणीत मराठीत सांगितलं, "टीचर, तुमची ताई म्हणते, केळी आणा."

बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. मी कोपऱ्यात गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते, मला सगळं दिसत होतं. मग ते इंग्रजीत म्हणाले, "थाओ, एवढं लांबलचक नको. जस्ट से 'शी'." थाओने मान हलवली. शी रस्त्यावरच्या बाईला म्हणतात, ती म्हणाली. घरात बसलेल्या टीचरच्या ताईला शी कसं म्हणणार? तिच्याकडे तिसऱ्या माणसाबद्दल बोलतानाही त्याचं ऐकणाऱ्याशी जे नातं तेच सांगायचं असतं, नाहीतर त्या माणसाचा अपमान होतो. बाबा पिशवी घेऊन केळी आणायला गेले. परत आल्यावर त्यांनी पिशवी थाओच्या हातात दिली, आणि थाओने आत जाऊन सांगितलं, "बाक, तुमच्या धाकट्या भावाने केळी आणली." आत्या पिशवीत हात घालून म्हणाली, "मास्तर म्हणायचं." थाओ म्हणाली, "बाकला मास्तर नाहीत. भाऊ आहे." आत्या केळी निवडत राहिली. कच्ची आहेत असा निरोप काही त्या दिवशी आला नाही.

पंधरा दिवस हे असंच चाललं. दिवसातून दहा वेळा बाबांना ऐकू यायचं, "तुमची ताई विचारते, गिझर बंद केला का," आणि आत्याला ऐकू यायचं, "तुमचा लहान भाऊ म्हणतो, हो." मी निरोपांतली धार काढून टाकत असे, थाओ त्यांत नातं घालत होती, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तिला बोलायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. बाबा पहिल्यांदा चिडत, मग चिडेनासे झाले, आणि एकदा तर मी पाहिलं, की ते थाओला मुद्दाम हाक मारून काहीतरी फालतू विचारायला पाठवत होते. "विचार, उद्या भाजी कुठली करायची आहे." भाजीचा प्रश्न बाबांनी त्याआधी आयुष्यात कधी विचारला नव्हता. पण ते स्वतः दारापर्यंत गेले नाहीत, आणि आत्याची बॅग भरून कॉटखाली तयार होती. थाओने रात्रीच्या जेवणानंतर मला ती बॅग दाखवली आणि विचारलं, "एम, बाक कुठे जाते?" माझा आवाज आला नव्हता. आला असता तरी मी काय सांगणार होते, कोण जाणे.

बॅचच्या शेवटच्या दिवशी बाबांच्या क्लासमध्ये ओळखीचा तास असायचा. प्रत्येकाने आपल्या घरचं एक माणूस आणायचं आणि उभं राहून इंग्रजीत त्याची ओळख करून द्यायची. हॉल गच्च भरायचा, आई सगळ्यांना उपमा द्यायची. त्या दिवशी आत्याची बॅग दाराशी येऊन बसली होती. भाऊसाहेब वाघोलीलाच परत जाणार, तर क्लास सुटल्यावर जीपमधून तिला सोडतील, असं ठरलं होतं. भाऊसाहेबांना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. त्यांना उलट आनंद झाला होता, की मॅडमच्या नणंदबाई आता आपल्या गावाला राहणार. आत्या बाहेर जायची साडी नेसून स्वयंपाकघरात लसणाच्या पातेल्याशी बसली होती. मला तिच्याकडे बघवेना म्हणून मी हॉलमध्ये जाऊन बसले.

ओळखी चांगल्या चालल्या होत्या. भाऊसाहेबांनी बायकोला उभं केलं आणि म्हणाले, "धिस इज माय वाइफ. शी इज व्हेरी इंग्लिश," म्हणजे त्यांना म्हणायचं होतं की तिला इंग्रजी शिकायची आवड आहे. बाबांनी दुरुस्त केलं, वर्ग गरजला, वहिनी पदरात तोंड लपवून हसल्या. मग थाओची पाळी आली. तिचं घरचं तर कोणीच इथे नव्हतं. बाबा म्हणाले, की ती मिनूची ओळख करून देईल. पण थाओ सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आत्याचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली. आत्या नको नको म्हणत होती, पण एवढ्या लोकांसमोर हात सोडवून घेणं बरं दिसत नव्हतं. तिच्या बोटांना लसणाची सालं चिकटली होती. थाओ तिच्या शेजारी ताठ उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, की या माझ्या बाक आहेत. त्यांची कॉट माझ्या कॉटशेजारी आहे. त्या फोनमधून सगळ्यांना सगळ्यांशी जोडून द्यायच्या. माझे टीचर इंग्रजी यांच्याकडून शिकले. हे ऐकून वर्गात कुजबुज झाली, कारण हे कोणालाच माहीत नव्हतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. थाओला हे मी सांगितलं नव्हतं. दोन कॉटींच्या मधे रात्री काय बोलणं व्हायचं ते मला काय ठाऊक? आणि मग थाओ शेवटचं वाक्य म्हणाली. ते तिला नीट जमलं नाही, शब्द मागेपुढे झाले. "बाक इज एल्डर सिस्टर... टीचर... ऑफ."

हॉलमध्ये सगळे बाबांकडे बघायला लागले. चुकीचं वाक्य झालं होतं, आता बाबा ते दुरुस्त करून मोठ्याने म्हणणार आणि मग वर्ग म्हणणार, हे पाच वर्षं असंच चालत आलेलं. लोकांनी सवयीने श्वास भरूनसुद्धा घेतला. बाबा म्हणाले, "नो, थाओ. से..." आणि थांबले. थाओचं वाक्य थाओच्याच तोंडी बसेल असं दुरुस्त करता आलं असतं, "टीचर्स एल्डर सिस्टर." ते सोपं होतं. बाबांना ते येत नव्हतं असं नाही. ते खडू हातात धरून आत्याकडे बघत होते, आणि आत्या दाराजवळच्या आपल्या बॅगकडे बघत होती. "शी इज," बाबा पुन्हा म्हणाले. मग त्यांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला, दोन पावलं पुढे आले, आणि सहा ते आठच्या मधे, आपल्याच क्लासमध्ये, सगळ्यांसमोर मराठीत म्हणाले, "ही माझी ताई. हिने मला वाढवलं."

आणि वर्गाने सवयीने, एका सुरात, छताला भिडेल असं म्हटलं, "ही माझी ताई! हिने मला वाढवलं!"

भाऊसाहेब सगळ्यांत मोठ्याने. त्यांच्या बायकोनेही म्हटलं. आईने स्वयंपाकघराच्या दारात उपम्याचं पातेलं धरून म्हटलं. मी म्हटलं, आणि त्या दोन वाक्यांनी माझा आवाज परत आला. खालच्या मजल्यावरच्यांना काय वाटलं असेल देव जाणे. बाबा रडत होते आणि रुमाल सापडत नव्हता म्हणून टायने डोळे पुसत होते. मला तेव्हा फार आनंद झाला. आज ते लिहितानाही मला हसू येतंय आणि डोळेही भरून येतायत. थाओ अधूनमधून तिकडून व्हिडिओवर बोलते, तिची मुलं मोठी झालीत, माझे केस पांढरे झालेत, आणि अजूनही ती म्हणते, "ची म्हातारी झाली. एम कशी आहे?" त्या दिवसाबद्दल विचारलं तर म्हणते, की तिने काहीच केलं नाही, तिचं वाक्य फक्त चुकलं.

आत्या जागची हलली नव्हती. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता, भाऊसाहेबांच्यासुद्धा आता काहीतरी लक्षात आलं असावं, कारण त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "नणंदबाई, ब्याग गाडीत ठिवू का आत ठिवू?" आत्याने पदराने बोटं पुसली. मग कोपऱ्यात जाऊन लसणाची टोपली उचलली, ती सगळी, भरलेली, आणि बाबांसमोर आणून ठेवली. तिचा तो एक्स्चेंजमधला खणखणीत आवाज मी इतक्या दिवसांनी बाबांशी बोलताना ऐकला.

"मध्या," ती म्हणाली, "दोन वाक्यं बोललास. आणि सगळ्या वर्गाकडून बोलवून घेतलीस. बस खाली. मी पण बसते, एकट्याने तुझ्याच्यानं होणार नाही."

बाबा टायसकट जमिनीवर बसले. बॅग भाऊसाहेबांनी आत नेऊन ठेवली.